मोंपाझिएला मुक्काम करा, चर्च आणि किल्ले जोडीनं बघा

मोंपाझिएमध्ये किल्ला नाही. तरीही फ्रान्समधले मध्ययुगीन किल्ले बघायचे आहेत असं कुणी म्हणालं, की मी आधी याच गावाचं नाव सुचवते. दोर्दोन्य जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या या लहानशा गावाभोवती, गाडीनं तासाभराच्या आत, काही चर्च किल्ल्यासारखी बांधलेली आहेत आणि एका किल्ल्याच्या तर पोटातच गावाचं चर्च आहे. 'सोमवारी चर्च, मंगळवारी किल्ले' अशी वाटणी केलीत तर दोन्ही अर्धीच कळतील. चर्चवर जंग्या, म्हणजे बाण मारायच्या चिरा, का आहेत, हे शेजारचा सरदार कोण होता ते कळल्याशिवाय उमगत नाही. सरदाराचं देवघर एवढं भव्य का, हेही खालच्या गावकऱ्यांचं देऊळ बघितल्याशिवाय समजत नाही. म्हणून जोड्या लावून फिरायचं. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिते आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. निवृत्त झाले तरी भिंत दिसली की आधी सांध्यांकडे आणि पाणी जायच्या वाटेकडे नजर जाते. धाकटी बहीण गाडी चालवते, मी नकाशा धरते. चित्रकला किंवा संतचरित्रं यांत रस असेल तर तुम्हाला माझ्यापेक्षा वेगळं काही दिसेल. मी दगडाबद्दल सांगेन.

आधी पोचण्याचं उरकून घेऊ. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं बोर्दो दोन तासांच्या आसपास येतं. बोर्दोहून सार्लाकडे जाणाऱ्या गाडीनं बेर्जराक. मोंपाझिएला रेल्वे नाही, आणि बसच्या भरवशावर हा भाग बघता येणार नाही. गाडी बोर्दो किंवा बेर्जराकला भाड्यानं घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं मागा, न मागता मिळते ती गिअरची. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची सवय दिवसभरात होते. पण गावात शिरताना एक नियम पक्का लक्षात ठेवायचा. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याची गल्ली कितीही बारीक असो.

मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये दोर्दोन्य नदीकाठचे रस्ते गाड्यांनी तुंबतात. हिवाळ्यात, त्यातही जानेवारीत, बरंच काही बंद असतं. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार साधता आला तर फारच छान. त्या दोन दिवसांत फ्रान्सभर वारसा दिन साजरे होतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रथेमुळे एरवी बंद असलेले खाजगी वाडे, टाळं लागलेली चर्च, मनोऱ्यांचे जिने लोकांसाठी उघडतात.

पहिला अर्धा दिवस गावाला द्या

मोंपाझिए आपोआप वाढलेलं गाव नाही. १२८४ मध्ये जाँ द ग्राई या अधिकाऱ्यानं इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या नावे ते वसवलं. त्या काळी इंग्लंडचा राजाच या प्रदेशाचा ड्यूक होता. फ्रेंच राजघराण्याची माणसं आणि इंग्रज राजा, दोघंही सीमेवर अशी आखीव गावं वसवत होते. त्यांना बास्तीद म्हणतात. सुमारे ४०० मीटर लांब आणि २२० मीटर रुंद आयत, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध चौक. आज कागदावर काढलं तरी प्लॅन याहून स्वच्छ निघणार नाही.

चौकाच्या चारही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या आहेत. एका कडेला लाकडी खांबांवर उभी बाजाराची शेड, आणि तिच्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. बाजार गुरुवारी सकाळी भरतो. त्या दिवशी चौकाजवळ गाडी न्यायचा विचार सोडा. इथे मला सर्वांत आवडतात त्या दोन घरांमधल्या फटी. जेमतेम वीत-दीड वीत रुंद, आत माणूस शिरणार नाही अशा. एका घराची आग दुसऱ्याला लागू नये, छपराचं पाणी आणि सांडपाणी वाहून जावं, म्हणून मूळ आखणीतच त्या सोडल्या होत्या. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी आधी पाण्याचा आणि आगीचा विचार केला आणि मग घरं बांधू दिली. गाव एवढं टिकलं यात त्या विचाराचा मोठा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

याच चौकात १६३७ मध्ये ब्युफारो नावाच्या विणकराला चाकावर हाडं मोडून मारलं. करांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांच्या बंडाचा तो एक पुढारी होता. ओवरीत कॉफी पीत बसाल तेव्हा हेही माहीत असू द्या.

चौकाच्या अगदी जवळ सँ-दोमिनिक चर्च आहे. आत जाण्याआधी दरवाज्यावरची अक्षरं शोधा. 'फ्रेंच जनता परमात्म्याचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते' अशा अर्थाचं ते वाक्य आहे. १७९४ मध्ये, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, तिचा पुढारी रोबेस्पिएर याच्या पुढाकारानं तसा ठरावच झाला होता आणि देशातल्या चर्चवर ते वाक्य रंगवलं गेलं. बहुतेक ठिकाणी ते पुढे पुसलं गेलं, इथे अजून वाचता येतं. एका दारावर दोन राजवटी दिसतात, त्यासाठी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

बंद दार आणि किल्ली

खेड्यातल्या चर्चचं दार ढकलून बघा. पुष्कळदा ते नुसतं लोटलेलं असतं. खरंच कुलूप असेल तर पाद्र्याला शोधत बसू नका, गावच्या सरकारी कार्यालयात जा. १९०५ च्या कायद्यानं फ्रान्समध्ये धर्म आणि सरकार वेगळे झाले, आणि तोवर बांधलेली गावोगावची चर्च त्या त्या गावाच्या मालकीची ठरली. छप्पर गळलं तर दुरुस्ती गावानं करायची, आणि किल्लीही बहुधा गावाकडेच असते. कार्यालयावर 'मेरी' अशी पाटी असते. लहान गावात ते आठवड्यातून काही तासच उघडं असतं, तेव्हा वेळा दारावर वाचून घ्या.

बोलताना पहिला शब्द 'बाँजूर', मग बाकीचं. थेट प्रश्नानं सुरुवात केलीत तर समोरचा माणूस आखडतो, अभिवादन केलंत तर मदतीला धावतो. 'बाँजूर मादाम, ला क्ले द लेग्लीज, सिल वू प्ले' एवढं पाठ केलं तरी पुरतं. किल्ली हातात पडली की परत कधी आणि कुठे द्यायची ते विचारून घ्या, आणि वेळेत द्या. पुढच्या माणसाला ती मिळते ती आपल्या अशा वागण्यामुळेच.

चर्चला सहसा तिकीट नसतं. दानपेटी असते, तिच्यात दोन युरो टाकावेत. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसावं नाहीतर बाहेर थांबावं. टोपी काढायची, फ्लॅश मारायचा नाही. बाहेर कडक ऊन असलं तरी आत गारठा असतो, म्हणून पिशवीत शाल ठेवा. आणि दुर्बीण न्याच. स्तंभांच्या माथ्यावरचं कोरीव काम डोळ्यांपासून फार उंचावर असतं, मोबाइलनं झूम करून ती मजा येत नाही.

भिंत कशी वाचायची

हे एकदा समजून घेतलंत की पुढच्या प्रत्येक जागी उपयोगी पडेल. भिंतीत सारख्या अंतरावर, आडव्या ओळींत चौकोनी भोकं दिसली तर त्या जंग्या नव्हेत. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं त्यांत खोवलेली होती. खरी जंगी बाहेरून बारीक उभी चीर आणि आतून पसरट असते, म्हणजे बाण मारणाऱ्याला आत हात हलवायला जागा मिळते. त्याच चिरेच्या खालच्या टोकाला गोल भोक असेल तर तिथे बहुधा बंदूक किंवा छोटी तोफ आलेली आहे. तो भाग नव्या काळाचा, किंवा जुन्या भिंतीत मागाहून फोडलेला. तटाच्या माथ्याशी भिंतीबाहेर काढलेल्या दगडी आधारांची रांग दिसली तर तिच्या अगदी खाली उभं राहून वर बघा. आधारांच्या मधून आकाश दिसत असेल तर त्या फटी पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दगड टाकायला होत्या. आकाश दिसत नसेल तर ते बहुधा नुसतं मिरवायला आहे. हा फरक सरदाराच्या परिस्थितीबद्दल बरंच सांगून जातो. आणि भिंतीच्या कडेला एकाआड एक दगड दातांसारखे बाहेर आलेले दिसले, तर तिथे पुढे भिंत जोडायची होती आणि ती राहून गेली.

आता पहिली जोडी. सकाळी सँ-तावी-सेन्यर, मग बोमों.

सँ-तावीचं चर्च लांबूनच अंगावर येतं, कारण आजूबाजूचं गाव त्याच्यापुढे चिमुकलं आहे. स्पेनमधल्या सँतियागोच्या तीर्थयात्रेच्या वाटेवरचं ठिकाण म्हणून १९९८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरल्यावर मधोमध उभं राहून वर बघा. या प्रदेशाच्या पद्धतीप्रमाणे इथे घुमट बसवायचे होते, त्या वजनाच्या हिशेबानं जाडजूड खांबही उभे केले. पण वर घुमट नाहीत, त्यांच्या जागी नंतरच्या पद्धतीचं, फासळ्यांवर तोललेलं छत आहे. खाली एक इमारत आणि वर दुसरी, आणि जोड कुठे आहे ते डोळ्यांनी शोधता येतं. मी तिथून हलत नव्हते तेव्हा बहीण म्हणाली, ''ताई, छत अजून हजार वर्षं पडत नाही, चल.'' पण तुम्ही घाई करू नका. बाहेर येऊन चर्चला पूर्ण प्रदक्षिणा घाला, म्हणजे तटाच्या बाजूनं त्याला कसं आवळून घेतलंय ते दिसेल.

बोमों हे १२७२ मध्ये वसवलेलं, मोंपाझिएसारखंच बास्तीद. तिथलं सँ-लोराँ-सँ-फ्राँ चर्च हीच गावाची गढी. चार बुरूज आणि माथ्यावरून पहारेकऱ्यांना फिरायची वाट. गावाचा तट पडला तर सगळ्यांनी इथे शिरायचं. दरवाज्यावर मात्र माणसं आणि जनावरं कोरलेली सुंदर पट्टी आहे. दुर्बीण काढायची वेळ हीच.

दुसरी जोडी: बिरों आणि कादुएँ

बिरोंचा किल्ला मोंपाझिएपासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. तो पेरिगॉर या इथल्या जुन्या प्रांतातल्या चार मोठ्या जहागिऱ्यांपैकी एकीचा. गोंतो-बिरों घराण्यानं तो शतकानुशतकं राखला. मोंपाझिए वसवताना ग्राईनं ज्या सरदाराशी करार केला तो याच घराण्यातला पिएर द गोंतो. म्हणून गाव बघून झाल्यावर लगेच इथे या. प्रत्येक पिढीनं आपापल्या काळचं बांधकाम जोडत नेल्यामुळे बाराव्या शतकातला मनोरा आणि नंतरच्या निवांत काळातल्या मोठ्या खिडक्या एकाच आवारात दिसतात.

इथलं देवघर दुमजली आहे. वरचा मजला किल्ल्याच्या अंगणात उघडतो, तो सरदाराचा. खालचा मजला गावाच्या बाजूनं उघडतो, तो गावकऱ्यांचा. एकाच इमारतीत देव एक आणि दारं दोन. मी तुम्हाला आग्रहानं सांगते, वरचं बघून परत फिरू नका. किल्ल्याबाहेर येऊन खाली उतरा आणि गावच्या दारानंही आत जा. वर पाँस द गोंतो आणि त्याचा भाऊ आर्माँ, सार्लाचा बिशप, यांची दगडी थडगी आहेत. पूर्वी इथे ख्रिस्ताच्या दफनाचा अप्रतिम शिल्पसमूह होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विकला गेला, आणि आज तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. रिकामी जागा बघून मला फार वाईट वाटलं. शिल्प त्याच्या खिडकीच्या उजेडासाठी घडवलेलं असतं.

याच घराण्यातल्या शार्ल द गोंतोचं डोकं १६०२ मध्ये पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात उडवलं गेलं. फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाचा तो जुना सेनापती, पण राजाविरुद्ध कटात सापडला. वाड्यातली भलीमोठी दालनं बघताना ही एवढी सत्ता किती ठिसूळ होती ते ध्यानात येतं. १९७८ पासून किल्ला जिल्ह्याच्या ताब्यात आहे.

कादुएँचा मठ १११५ चा, पुढे साधेपणा मानणाऱ्या सिस्टर्शियन पंथाचा झाला. ११५४ मध्ये पवित्र केलेलं चर्च पिवळसर दगडाचं, रुंद आणि जवळजवळ बिनअलंकाराचं. शेजारच्या ओवऱ्या मात्र पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या, ज्वाळांसारख्या वळणाच्या नक्षीनं भरलेल्या. एवढ्या साध्या मठाला हा खर्च परवडला तो एका कापडामुळे. ख्रिस्ताच्या डोक्याभोवती गुंडाळलेलं वस्त्र म्हणून ते शतकानुशतकं पूजलं गेलं, राजे दर्शनाला आले, यात्रा भरल्या. १९३४ मध्ये अभ्यासकांनी त्याच्या काठावरची नक्षी नीट पाहिली तर ती कूफी लिपीतली अरबी अक्षरं निघाली. अकराव्या शतकाच्या अखेरीला इजिप्तचा खलिफा असलेल्या अल-मुस्तालीचं नाव त्यात आहे. यात्रा बंद झाली. हे सत्य लपवलं गेलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओवऱ्यांतल्या स्तंभांवर बायबलमधला लाझरस आहे आणि एका स्त्रीला पाठीवर घेऊन रांगणारा ॲरिस्टॉटलसुद्धा. तो शोधल्याशिवाय बाहेर पडू नका.

जेवणाचं इथेच सांगते, कारण शाकाहारी माणसाचे हाल याच भागात होतात. दुपारचं जेवण बारा ते दोन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद, आणि लहान ठिकाणची तिकीट खिडकीही कधीकधी याच वेळेत बंद असते. हा बदकाचा मुलूख आहे. सार्लाच्या पद्धतीचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात. पेरिगॉरचं सॅलड म्हणून येतं त्यात बदकाची कोथळी असते. म्हणून नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, पदार्थ कशात शिजवला तेही विचारावं लागतं. ऑम्लेट चालत असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर बाजारातून पाव, काबेकू नावाचं शेळीच्या दुधाचं छोटं चीज, अक्रोड आणि फळं घ्या. आम्ही बहुतेक दुपारी हेच खाल्लं. बाजारात सुटे युरो लागतात.

नदीकाठचे दोन शेजारी

कास्तेलनो आणि बेनाक हे दोन किल्ले दोर्दोन्य नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूचा, बेनाक फ्रेंचांचा. एकाच्या तटावर उभं राहिलं की दुसरा नजरेच्या टप्प्यात. म्हणून एकाच दिवशी दोन्ही करा. सकाळी दार उघडताच कास्तेलनो. तिथे मध्ययुगीन युद्धसामग्रीचं संग्रहालय १९८५ पासून आहे आणि बाहेर दगड फेकणारी लाकडी यंत्रं प्रत्यक्ष मापात उभी केली आहेत. हंगामात ती चालवूनही दाखवतात. वजनाच्या पेटीकडचा आखूड हात आणि गोफणीकडचा लांब हात यांचं प्रमाण बघा, सगळी करामत तिथे आहे.

दुपार उतरल्यावर बेनाक. नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर तो बसला आहे. गावातून चढत गेलात तर चढ दमवणारा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी वरच्या बाजूला न्या. इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्टनं हा किल्ला आपल्या मेर्काद्ये नावाच्या सरदाराला दिला होता. तटाला लागूनच किल्ल्याचं जुनं देवघर आहे, आता तेच गावाचं चर्च. त्याचं छप्पर चपट्या दगडी लाद्यांचं आहे, या भागात त्यांना लोझ म्हणतात. एवढं वजन पेलायला छपराचा उतार तीव्र ठेवावा लागतो आणि लाकूडही तसंच दणकट.

मोठ्या किल्ल्यांना माणशी दहा युरोच्या आसपास तिकीट धरून चाला. आत जिने अरुंद आणि गोल, पायऱ्या झिजलेल्या. रबरी तळव्याचे बूट हवेतच.

बोनागिल शेवटी

बोनागिल शेवटी ठेवा, कारण बाकीचे किल्ले बघितल्याशिवाय त्याचं वेगळेपण समजत नाही. बेराँजे द रोकफय या सरदारानं पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तो बांधत नेला. तोवर तोफा आल्या होत्या आणि बाकीचे सरदार किल्ले सोडून मोठ्या खिडक्यांच्या महालांत राहू लागले होते. यानं उलट केलं. तटाच्या तळाशी तोफांसाठी झरोके, पुढे स्वतंत्र रक्षक बांधकाम, खोल खंदक आणि गलबताच्या पुढच्या टोकासारखा निमुळता बालेकिल्ला, म्हणजे समोरून आलेला गोळा घसरून जावा. त्यावर हल्ला कधी झालाच नाही. पुढे क्रांतीच्या काळात त्याचे वरचे मजले उतरवले गेले. फुमेल गावाच्या मालकीचा तो आहे.

जाताना वाट वाकडी करून बेस गावचं सँ-मार्तँ चर्च बघा. बारकं चर्च, लोझचं छप्पर, आणि दारावर आदम-इव्हच्या गोष्टीपासून शिकारीपर्यंत कोरलेलं. या प्रांतात असं कोरीव दार दुर्मीळ. इथे तिकीट नाही की गाइड नाही, आणि बहुधा तुमच्याशिवाय कुणीही नसेल. बोनागिलला वाहनतळापासून थोडं चढून जावं लागतं. किल्ल्याला कमीत कमी दोन तास द्या, आणि आत शिरण्याआधी खंदकाच्या तळातून बाहेरून एक फेरी मारा. तोफांचे झरोके कुठल्या वाटेवर रोखलेत ते तिथूनच कळतं, आणि मग वर चढून त्याच झरोक्यांच्या आतल्या बाजूला उभं राहता येतं.